ताटाबाहेरचा हात

हमीसी शेठ, मी तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण इतकी वर्षं तुम्ही माझा राग ऐकून घेतलात, आणि आता तुम्ही नाही म्हणून मी गोडगोड लिहायला लागले, तर तुम्हालाच शंका यायची की ही सुनंदाच आहे ना, का दुसरी कुणी! तुम्हाला जाऊन आठवडा होऊन गेला. गोदामात तुमच्या खुर्चीत कुणी बसत नाही आणि ती हलवायलाही कुणी धजत नाही, त्यामुळे येणारा-जाणारा तिला अडखळतोय.

आफ्रिकेतल्या टांगा नावाच्या बंदरगावातला एका लॉरीवाल्याचा पोरगा दोहात येऊन थंड गाड्यांचा मालक झाला, हे वाक्य दुखवट्याच्या तीन दिवसांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की कान किटले. आफ्रिकेतून विमानानं आंबे येतात, मटण येतं, फुलं येतात आणि ती हमीसीच्या गाड्यांतून सगळ्या कतारभर जातात, हेही सगळ्यांना पाठ. तुमच्या बर्फाच्या कारखान्याची गोष्ट मात्र एकानंही काढली नाही. गावात वीज टिकायची नाही, कोळी बर्फ न्यायला यायचे आणि टोपलीतून पाणी घेऊन जायचे. "सगळ्या आफ्रिकेत सगळ्यात महाग पाणी मी विकलंय," असं म्हणून तुम्ही स्वतःच खो खो हसायचात. तुम्ही श्रीमंत कसे झालात ते लोकांनी सांगावं. तुम्ही कितीदा बुडालात ते मला विचारावं.

नोकरीला आले तेव्हा मी अल सद्दच्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळले होते. नवरा पहाटे कंपनीच्या बसनं मेसईदला खतांच्या प्लांटमध्ये जायचा, तो संध्याकाळी परत. तुम्ही माझी डिग्री पाहिली नाहीत. "भांडता येतं का?" एवढंच विचारलंत. टांगा गावच्या कच्छी दुकानदारांकडून शिकलेली तुमची ती अर्धी गुजराती हिंदी. मी म्हटलं, "मी बार्शीची आहे." बार्शी कुठं आहे ते तुम्हाला कुठलं माहीत असायला, पण माझा आवाज ऐकून तुम्ही त्याच दिवशी मला गाड्यांचं डिस्पॅच दिलंत. कुठली गाडी कुठं, कोण चालवणार, माल उतरला का, सगळं माझ्याकडे. मी शांत असले की हिंदीत बोलायची आणि तापले की मराठीत. मराठीतलं तुम्हाला सगळं कळायचं, हे पुढं माझ्या लक्षात आलं.

आणि तुमची ती सिनिया! परातीएवढी थाळी. दर गुरुवारी दुपारी गोदामाच्या मागच्या खोलीत चटई पसरायची, मधे सिनिया ठेवायची आणि भोवती आपण सगळे. तुमच्या भाषेत हमीसी म्हणजे गुरुवारी जन्मलेला, म्हणून बैठक गुरुवारी. आमची निम्मी माणसं गुरुवारी मटण खात नाहीत हे कळल्यावर तुम्ही सिनियात नारळाच्या दुधातला भात आणि तुरीच्या दाण्यांची आमटी सुरू केलीत. मला आधी कसंसंच झालं होतं. परक्या पुरुषांबरोबर एका ताटात? शी, उष्टं! बार्शीत कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. तुम्ही म्हणालात, "तुझ्यासमोरचं तू खा. शेजाऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही, हाच आमचा धर्म." मग बसले. पुढं पुढं गुरुवारची वाट बघायला लागले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या ताटावर कंपनी चालायची. मोठी गोष्ट असली की तुम्ही जेवताना विषय काढायचात, आणि ज्याला पटायचं नाही त्यानं ताटातून हात काढायचा. बोलायची गरज नाही. एक जरी हात बाहेर आला तर त्या दिवशी निर्णय नाही, पुढच्या गुरुवारी पुन्हा भांडायचं. तुमच्या आजोबांकडे मचव्यावरच्या खलाशांसाठी हाच नियम होता म्हणे. मी किती वेळा हात काढला! मेसईदच्या कॅन्टीनचं काम घेऊ नका म्हणून तर तीन-चार गुरुवार काढला, आणि शेवटी तेच काम आपल्याला सगळ्यात जास्त लाभलं. त्यानंतर मेसईदचं नाव निघालं की तुम्ही माझ्याकडे बघून मिशीत हसायचात. हसा, म्हटलं, तुमचे दिवस आहेत.

पण एका गोष्टीवर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, शेठ, तुमचा हा कायदा आमच्या माणसांना लागू पडत नाही. आमच्याकडे भरल्या ताटावरून हात काढणं म्हणजे अन्नाचा अपमान. पोराला पहिली चापट त्यावरून बसते. बबन इतकी वर्षं ड्रायव्हरांचा पुढारी म्हणून त्या ताटावर बसतोय, त्यानं एकदा तरी हात काढला का? तुम्ही म्हणायचात, "म्हणजे त्याला सगळं पटतं." मी कपाळावर हात मारून घ्यायची. तुम्ही म्हणायचात, पोट भरलेला माणूस खोटं बोलत नाही. मी म्हणायची, अहो, तो बोलतच नाही!

मग तो बुधवार आला. आपण मेसईदहून परत येत होतो, बबन गाडी चालवत होता, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत सांगितलंत की गाड्या आणि गोदाम विकायचं ठरवताय. गिऱ्हाईक मोठं आहे. उद्या ताटावर विषय काढणार, पुढच्या आठवड्यात सह्या, तुमचा मुलगा इद्रिस त्यासाठीच नैरोबीहून आलाय.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे त्यांची माणसं आहेत."

बबननं आरशात पाहिलं. गाडीचा वेग जराही कमी झाला नाही. पन्नाशी उलटलेला माणूस. त्याच्यासारखे सगळे बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतल्या खोल्यांमध्ये राहतात, गावाकडं वर्षा-दोन वर्षांनी जातात. या वयाला नवा व्हिसा त्यांना कोण देणार? मी तापले. मराठीत. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. "तुम्हाला माणसं नकोत, टायर हवेत" असं काहीतरी होतं. तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत. तुम्ही गप्प बसलात याचा मला राग आला, आणि आता त्याच गप्पपणाचा जीव जाळतोय. का नाही बोललात? एक वाक्य बोलायचं होतं!

दुसऱ्या दिवशी गुरुवार, मार्गशीर्षातला पहिला. सासूबाईंना आता झेपत नाही म्हणून त्यांनी महालक्ष्मीचं व्रत यंदा माझ्याकडे दिलं होतं. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा झाली की जेवायचं. मी ताटापाशी येऊन बसले आणि हात मांडीवर ठेवला. तुम्ही विषय काढलात, सगळ्यांचे हात ताटात होते, बबनचाही. माझा तेवढा बाहेर.

"सुनंदा, घास घ्यायच्या आधीच हात बाहेर?" तुम्ही म्हणालात.

"उपास आहे शेठ. आज पाणी आणि फळं."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग हसलात आणि म्हणालात, "हाया, ठीक आहे, खलास. जेवा सगळे." विषय तिथंच राहिला. मी आपली मनात म्हणत होते, पुढच्या गुरुवारी बघते यांच्याकडे. शनिवारी सकाळी नमाजानंतर तुम्ही चहा मागितलात आणि तो येईपर्यंत गेलात.

तुम्हाला त्याच दिवशी दुपारी नेलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून मी तुमच्या घरी आतल्या खोलीत मामा रुकियांच्या शेजारी बसून होते. (तुम्ही बायकोला चारचौघांत 'मामा', म्हणजे तुमच्या भाषेत आई, म्हणायचात आणि आमचे ड्रायव्हर तोंड फिरवून हसायचे. आता तेही मामाच म्हणतात.) बबन आणि बाकीचे गेले होते. आपण हिंदू, कुठं उभं राहायचं, म्हणून मागं उभे होते, तर इद्रिसनं स्वतः येऊन त्यांना पुढं नेलं. हे मला आवडलं. पोरगा तुमचा आहे.

पण दुसऱ्या दिवशी त्याच पोराशी गाठ पडली. गिऱ्हाईकाची माणसं भेटायला आली आणि जाता जाता सांगून गेली की तुमचा होकार झाला होता. इद्रिस त्या गुरुवारी ताटावर नव्हता, त्यामुळे त्याचं म्हणणं सरळ होतं. "बाबांनी शब्द दिला असेल तर मी तो मोडणार नाही. दिला नसेल तर विचार करू. मला फक्त खरं सांगा, त्या गुरुवारी ठरलं होतं का?" त्यानं गोदामात एकेकाला विचारलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, हात ताटात होते, फक्त सुनंदाबाईंचा नव्हता. म्हणून तिसऱ्या दिवशी मला बोलावणं.

मी तुमच्या घराच्या फाटकाशी पोचते तर बबन तिथं उभा. "बाई, येक बोलायचं हुतं. तुमी इतकंच म्हना की हात मुद्दाम काढला हुता. उपासाचं कशाला काढायचं? आमी कुनी बोललो न्हाई, कुनाला कळनार हाय?"

"तू का नाही काढलास?" मी त्याच्यावरच खेकसले. "तुझी पोटाची भाकर जात होती आणि तू भात कालवत बसलास?"

"ताटातनं हात कसा काढू, बाई?" त्याचे डोळे भरले. "शेठ समोर बसल्यालं. त्यांचं अन्न. आन् आईनं लहानपनीच सांगितल्यालं, अन्नाला लाथाडनाऱ्याचं वाटुळं हुतं. म्या काय करू?"

 खोटं बोलणं अवघड नव्हतं, शेठ. माझ्या उपासाचं ताटावरच्या माणसांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मनातून मी विरोधातच होते की! उपास नसता तरी हात काढलाच असता. मग अर्धं खोटं बोलायला काय हरकत? जिना चढेपर्यंत मी स्वतःला हेच समजावत होते. 

मामा रुकिया आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. इद्रिस दाराशी उभा राहिला आणि सगळ्या बायकांसमोर त्यानं विचारलं, "आंटी, तुमचा हात ताटाबाहेर का होता?"

त्या ताटावर मी तुमच्याशी वाटेल तशी भांडले, पण खोटं कधी बोलले नव्हते. जीभ उचलेना. मी म्हटलं, "उपास होता."

इद्रिसनं मान खाली घातली. "म्हणजे बाकीचे सगळे राजी होते. मग ठरलंच होतं."

मला वाटलं, झालं. ड्रायव्हरांचं अन्न मी माझ्या तोंडानं घालवलं. खाली बबन वाट बघत असेल, त्याला काय तोंड दाखवू? तेवढ्यात मामा रुकिया बोलल्या. त्यांचा आवाज तीन दिवसांत मी पहिल्यांदा ऐकला.

"इद्रिस, रमझानमध्ये तुझ्या बाबांनी कधी एक सौदा केला का?"

इद्रिसनं मान वर केली.

"महिनाभर नुसतं रोजचं काम. ईद झाल्याशिवाय मोठी गोष्ट कधी ठरवली नाही. विचारलं तर म्हणायचे, उपाशी हात ना हो म्हणतो, ना नाही. तो मोजता येत नाही, आणि एक जरी हात मोजायचा राहिला तर निर्णय नाही. त्या दिवशी काहीही ठरलेलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, सुनंदाचा उपास निघाला, आता पुढच्या गुरुवारी."

शेठ, तुम्ही मालक होतात. हात झटकून ठरवलं असतंत तर कोण अडवणार होतं तुम्हाला? आणि तुम्ही माझ्या हातासाठी थांबलात. मी तिथंच रडायला लागले, मोठ्यानं, आमच्याकडे रडतात तशी. त्या बायका माझ्या पाठीवर हात फिरवत "पोले, पोले", म्हणजे उगी उगी, म्हणत होत्या, आणि विधवा माझी समजूत काढत होती. उलटंच सगळं.

मग मामांनी ते सांगितलं जे तुम्ही गाडीत सांगितलं नाहीत. डॉक्टरांनी तुम्हाला उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं की हृदय थकलंय. इद्रिस नैरोबी सोडून इथं येणार नाही. म्हणजे तुमच्या मागं हे सगळं माझ्या गळ्यात पडणार. "ती बाई मरेल राबून," असं म्हणालात म्हणे. म्हणून विकायला निघालात. अहो, मग मला विचारायचंत ना! माझ्या डोक्यावरचं ओझं तुम्ही परस्पर उतरवायला निघालात, तेही बबनच्या पोटावर पाय देऊन? याचे उपकार मानू की याच्यावरून भांडू? दोन्ही एकदम होतंय, आणि समोर कुणी नाही.

गुरुवारी इद्रिसनं गोदामात सिनिया मांडली. तुमची जागा मोकळी ठेवली. मी सकाळीच देवीला हात जोडून सांगितलं होतं की आजचा उपास मोडतेय, माफ कर, पुढच्या गुरुवारी दुप्पट करीन. हात काढायचा तर आधी ताटात असायला हवा ना. इद्रिसला हातानं जेवायची सवय नाही, बोटांतून भात गळत होता, पण चमचा मागितला नाही त्यानं. मग त्यानं सांगितलं, "बाबांनी ठरवलं नव्हतं. आता आपण ठरवायचंय. गाड्या विकाव्यात असं मला वाटतं." आणि सगळे थांबले.

मी हात काढणार, एवढ्यात बबननं ताटातला घास खाली ठेवला. दोन्ही हात जोडून त्यानं ताटाला नमस्कार केला, डोळे मिटले, ओठ हलले, आणि उजवा हात मांडीवर घेतला. घामानं त्याचा सदरा भिजला होता. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानंही ताटाला नमस्कार केला. मग पलीकडच्यानं.  इद्रिस त्या जोडलेल्या हातांकडे बघत बसला. त्याला कळेना हे काय चाललंय, तेव्हा मी समजावलं की हे अन्नाची माफी मागतायत.

"हे आजवर असं कधी करत नव्हते?" त्यानं विचारलं.

"कधीच नाही."

"म्हणजे बाबांना कधी कळलंच नाही."

"मी सांगत होते. ऐकतंय कोण!"

त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक वर्ष. तुम्ही चालवा, आंटी. वर्षानं पुन्हा याच ताटावर बसू. इन्शाल्ला." गिऱ्हाईकाला त्यानं तिथूनच फोन केला. पलीकडचा माणूस चिडलेला ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर कुणी टाळ्या बिळ्या वाजवल्या नाहीत. भात गार झाला होता, सगळ्यांनी पुन्हा हात घातले आणि संपवला. माझा हात शेवटपर्यंत ताटातच राहिला. उपास मोडला तो हात काढायला, आणि काढायची वेळच आली नाही!

आता सगळं माझ्याकडे आहे, शेठ. पोरगी म्हणते, "आई, यू आर द बॉस नाऊ," आणि मी गाड्यांची यादी उघडून बसते. दोन गाड्यांचं थंड करायचं मशिन आत्ताच कुरकुरतंय, उन्हाळ्यात काय होईल देव जाणे. ते गिऱ्हाईक आता शेजारी गोदाम काढतंय असं ऐकते. बबन मला बघितलं की ताठ उभा राहतो, जणू मला सगळं येतं. कदाचित तुमचंच बरोबर होतं. विकून, सगळ्यांना चार पैसे देऊन घरी पाठवणं हेच शहाणपण असेल. मला माहीत नाही. हे मी इथं कुणापाशी बोलू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

वर्षानं कळेल. मी बरोबर निघाले तर तुम्हाला ऐकवायला मिळणार नाही, ते एक वेळ सोसेन. पण मी चुकले, शेठ, तर माझ्याकडे बघून मिशीत हसायला इथं कोण आहे?